‘सिली डाऊट’चा इतिहास

बसमध्ये असाल, लोकलच्या दारात असाल, नाहीतर मेसच्या रांगेत ताट घेऊन उभे असाल, हेडफोन जरा नीट लावा. आजच्या भागात गड नाहीत, तलवारी नाहीत. भांडणं मात्र भरपूर आहेत, सगळी कीबोर्डवरची.

सुरुवात एका मेसेजपासून करतो. मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये एक मुलगा आला, कॉलेजमधून थेट. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला त्याचा मेसेज, ‘हाय सर’. बस्स, एवढंच. मी लिहिलं, ‘बोल रे’. मग पाच मिनिटं स्क्रीनवर नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. शेवटी आलं, ‘सर, एक सिली डाऊट होता. रागावणार नाही ना?’

झालं होतं असं की प्रोजेक्ट त्याच्या लॅपटॉपवर चालूच होत नव्हता. सकाळपासून. आमच्या सेटअपच्या पानावर लिहिलेलं सगळं त्याने तंतोतंत केलं होतं. पण ते पान दोन वर्षं जुनं. मधल्या काळात एका सेटिंगचं नाव बदललं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि लिहिलं कोणीच नव्हतं. म्हणजे पोराचा डाऊट सिली नव्हता, आमचं पान सिली होतं. आणि तरीही बारा तास घाबरून बसला तो.

ही भीती येते कुठून? आणि नवख्याला उत्तर द्यायचं काम कोणाचं? हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या जगात चाळीसहून जास्त वर्षं फिरतोय. त्याचाच आज इतिहास.

रोज तेच ते

१९७९ साल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ड्यूक विद्यापीठ आहे. तिथल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी एक कल्पना काढली. विद्यापीठांतले कॉम्प्युटर फोनच्या तारेने एकमेकांना जोडायचे आणि निरोपांची देवाणघेवाण करायची. १९८० मध्ये ते सुरू झालं. नाव यूजनेट. विषयवार गट असायचे. तुम्ही एका गटात काही लिहिलं की ते या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर असं पुढे पुढे जायचं. गावच्या चावडीवर फळा असतो ना, तसा. फक्त एकच फळा शेकडो गावांत.

थोड्याच दिवसांत जाणकारांच्या लक्षात आलं की दर महिन्याला नवीन माणसं येतात आणि तेच प्रश्न विचारतात. उत्तर देणारा तोच. पहिल्यांदा तो प्रेमाने सांगतो. पाचव्यांदा थोडक्यात सांगतो. विसाव्यांदा खेकसतो.

यावर उपाय निघाला तो अंतराळाच्या गप्पांमधून. नासामधले यूजीन मिया एका अंतराळविषयक मेलिंग लिस्टवर होते. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र करून ठरावीक दिवसांनी सगळ्यांना पाठवायला सुरुवात केली. एफएक्यू हा शब्द तिथला. आज प्रत्येक ॲपच्या तळाशी असतो तोच.

इंजिनिअरिंगवाल्यांना जवळचं वाटेल असं एक उदाहरण देतो. सी भाषेच्या गटासाठी स्टीव्ह समिट यांनी १९९०च्या सुमारास एफएक्यू लिहायला घेतला. तो इतका वाढला की १९९५ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यातला एक प्रश्न ऐका. आयची किंमत ७ आहे. आय प्लस प्लस गुणिले आय प्लस प्लस केलं, माझ्याकडे ४९ आलं, ५६ यायला नको का?

हसलात ना? आपल्याकडे कॉलेजच्या व्हायव्हात आणि प्लेसमेंटच्या पेपरात हा प्रश्न अजून विचारतात, आणि एक ‘बरोबर’ उत्तरही मागतात! समिट यांच्या एफएक्यूमध्ये तेव्हाच लिहिलं होतं की सी भाषेच्या नियमांत अशा ओळीचं उत्तर ठरलेलंच नाही. ४९ येईल, ५६ येईल, काहीही येईल. आता गंमत बघा. हा प्रश्न विचारणारे नवखेच होते. पण त्यांच्या गोंधळामुळे भाषेतला एक खोल मुद्दा उलगडून सांगावा लागला. जाणकार माणूस अशी ओळ लिहीतच नाही, मग त्याला हा प्रश्न पडणार कसा?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

३ जुलै १९९१. हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गटात एक साधा प्रश्न टाकला. पॉझिक्सचे ताजे नियम कुठे मिळतील, शक्यतो कॉम्प्युटरवर वाचता येतील असे? पॉझिक्स म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने कसं वागावं याचं प्रमाण. हा प्रश्न हेलसिंकी तंत्रविद्यापीठातल्या आरी लेम्के यांनी वाचला. त्यांना वाटलं, हा पोरगा काहीतरी करतोय. आपल्या सर्व्हरवर त्यांनी त्याला जागा देऊ केली आणि त्या फोल्डरला नाव दिलं ‘लिनक्स’.

पोरगा अर्थात लिनस टॉरवाल्ड्स. २५ ऑगस्टला त्याने त्याच गटात आपल्या प्रकल्पाची घोषणा केली आणि लोकांना काय हवंय ते विचारलं. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. त्या प्रश्नाखाली कोणी ‘आधी शोधून ये’ एवढंच लिहून विषय संपवला असता तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. पण लेम्केंनी प्रश्नामागचा माणूस पाहिला, एवढं नक्की.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, मॅट वेल्श आणि इतर काही जणांनी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू केला. त्यात ‘हाऊ-टू’ असायचे. मोडेम कसा जोडायचा, प्रिंटर कसा चालवायचा, अशी एकेका कामाची सविस्तर कृती. आईच्या वहीतल्या पाककृतीसारखी. बहुतेक लिहिणारे स्वतः अडखळून, ठेचकाळून शिकलेले.

न संपणारा सप्टेंबर

आता भांडणाकडे येऊ. यूजनेटवर दर सप्टेंबरला गर्दी व्हायची, कारण अमेरिकेत तेव्हा कॉलेजं सुरू होतात. नवीन मुलांना अकाउंट मिळायचं आणि ती गटांमध्ये घुसायची. रीतभात माहीत नाही, काय कुठे विचारायचं माहीत नाही. जुनी मंडळी महिनाभर कपाळाला हात लावून बसायची. मग मुलं शिकायची आणि सगळं शांत व्हायचं. आपल्याकडे जूनमध्ये होस्टेलला नवीन बॅच येते, तसंच.

१९९३-९४ मध्ये चित्र बदललं. घरबसल्या पैसे भरून इंटरनेट घेणारे ग्राहक यूजनेटवर यायला लागले. १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या मोठ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना ते दार उघडून दिलं. आता नवखे वर्षातून एकदा नाही, रोज यायला लागले. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर यांनी वैतागून लिहिलं की १९९३ चा सप्टेंबर इतिहासात कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून नोंदला जाईल. तेव्हापासून त्या काळाला ‘इटर्नल सप्टेंबर’ म्हणतात.

जुन्या मंडळींची बाजूही समजून घ्या. दहा शिकवणारे आणि वीस शिकणारे असले तर जमतं. दहा शिकवणारे आणि वीस हजार शिकणारे आले तर शिकवणाराच पळून जातो. ही माणसं फुकट उत्तरं देत होती, नोकरी सांभाळून, रात्री जागून. त्यांच्या थकव्यातून एक शिवी तोंडात यायची, आरटीएफएम. चांगल्या मराठीत सांगायचं तर ‘आधी मॅन्युअल वाच की!’ मूळ इंग्रजीत मध्ये एक शब्द जास्त आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे. २००१ मध्ये एरिक रेमंड यांनी रिक मोएन यांच्यासोबत ‘प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत’ याचं एक मार्गदर्शकच लिहिलं. सल्ला खरंच उपयोगी आहे. आधी शोधा, काय करून पाहिलं ते सांगा, एररचा मजकूर पूर्ण द्या. पण सूर असा कडक की पहिल्यांदा वाचणाऱ्याने विचारायचंच सोडून द्यावं.

माझं तेच झालं होतं. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला एका ओपन सोर्स लायब्ररीच्या चॅटवर मी प्रश्न विचारला. इंग्रजी जुळवायला अर्धा तास लागला होता. उत्तर आलं ते चार अक्षरांचं, हेच. मी लॅपटॉप बंद केला. पुढची दोन वर्षं कुठेही, एकही प्रश्न विचारला नाही. फक्त दुसऱ्यांनी विचारलेले वाचत राहिलो. आता कळतं की माझ्याऐवजी कोणीतरी धीर करून विचारत होता, म्हणून माझं भागत होतं.

प्रश्नचिन्हाचं आमंत्रण

या सगळ्या गडबडीत वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ ला एक साइट सुरू केली. प्रोग्रामर लोकांनी आपले अनुभव एकत्र लिहावेत म्हणून. कोणीही यावं, कोणतंही पान बदलावं. नाव दिलं विकिविकिवेब. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावायची, तिथून ते घेतलं. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट.

मला त्यातली एक छोटी गोष्ट फार आवडते. तिथे लिहिताना तुम्ही अशा पानाचा दुवा दिला जे अजून नाहीच, तर त्या शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह दिसायचं. त्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की कोरं पान उघडायचं. लिहा! म्हणजे ‘मला हे माहीत नाही’ म्हणणारी खूण आणि ‘इथे भर घाला’ म्हणणारं दार, दोन्ही एकच. एफएक्यूचा एक मालक असायचा. विकीचे सगळेच मालक. पान चुकलं असेल तर तक्रार कशाला, सुधार की!

२००१ मध्ये याच कल्पनेवर विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. त्यातले दोन शब्द बघा. इंग्रजीत जिथे सदस्य जमून चर्चा करतात त्याला गावचा पंप म्हणतात, आपल्याकडे त्याला नाव मिळालं ‘चावडी’. आणि नवीन माणसाने हात साफ करायला, चुकत माकत लिहून बघायला जी जागा असते, तिचं नाव ‘धूळपाटी’. आपल्या पणजोबांच्या काळात मुलं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची. चुकलं की हात फिरवायचा, पुन्हा कोरी. नवख्याला काय लागतं हे एका शब्दात सांगितलंय बघा. चूक पुसता येईल अशी जागा.

पण इथेही तेच दुखणं उपटलं. इंग्रजी विकिपीडियावर ‘नवख्यांना चावू नका’ असा चक्क लेखी संकेत आहे. तरी २००७ नंतर तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या उतरायला लागली. संशोधकांनी खोलात जाऊन पाहिलं आणि २०१३ मध्ये मांडलं की उपद्रव रोखायला बनवलेल्या कडक नियमांनी आणि स्वयंचलित साधनांनी चांगल्या मनाने आलेले नवखेही बाहेर फेकले जात होते. पहिलंच संपादन उडवलं गेलं, तर दुसरं करायला कोण येतो? २०१२ मध्येच तिथे ‘टीहाऊस’ सुरू झालं होतं. नवख्यांनी काहीही विचारावं आणि जुन्यांनी नीट उत्तर द्यावं, अशी चहाची टपरीच म्हणा ना. म्हणजे नियम, बॉट, टेम्पलेट सगळं करून झाल्यावर पुन्हा गाडी माणसावरच आली.

सीडी, फोरम आणि गुण

लिनक्सच्या जगात हा धडा उबुंटूने आधीच घेतला होता. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली, सोबत वागणुकीची नियमावली. एकमेकांशी आदराने वागा, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. मागाल त्याला फुकट सीडी पोस्टाने यायच्या, भारतातही. २०११ पर्यंत ही योजना चालली. माझ्या मावसभावाकडे त्या पाकिटातली एक सीडी अजून आहे. उबुंटूच्या फोरमवर अगदीच नवख्यांसाठी वेगळा विभाग होता. तिथे ‘गूगल कर’ असं तोडून टाकणं शिष्टसंमत नव्हतं. सीडी घरी पोचवणं सोपं होतं. ती टाकल्यावर वायफाय चालत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाला उबुंटूवर टिकवून ठेवलं ते या फोरमने.

मग २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो आणलं. त्याआधी काही साइट्सवर उत्तरं पैशांच्या पडद्याआड असायची. इथे सगळं उघडं आणि मोकळ्या परवान्याखाली. चांगल्या उत्तराला मत, मताला गुण. भूमिका अशी की ज्याने विचारलं त्याच्याइतकाच महत्त्वाचा तो, जो पुढे गूगलवरून येऊन वाचणार आहे. म्हणून एकच प्रश्न दोनदा नको, दुसरा आला तर ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करायचा.

संग्रह म्हणून ही भूमिका भारी होती. माझ्या पिढीचे निम्मे प्रोजेक्ट तिथूनच कॉपी झालेत, खोटं कशाला बोलू! पण पहिल्यांदा विचारणाऱ्याला आपला प्रश्न बंद झालेला दिसतो तेव्हा त्याला संग्रह दिसत नाही, बंद दार दिसतं. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच्या ब्लॉगवर हे उघडपणे कबूल केलं. नवख्यांना, विशेषतः बायकांना आणि वर्णभेद सोसणाऱ्या लोकांना ही जागा आपलीशी वाटत नाही, असं. त्याच वर्षी नवीन सदस्याच्या नावापुढे ‘नवीन सहभागी’ अशी खूण दिसायला लागली. जरा सांभाळून घ्या, एवढंच सांगायला.

आता विचारतो कोण?

३० नोव्हेंबर २०२२. चॅटजीपीटी आलं. आठवड्याच्या आत स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेली उत्तरं टाकायला मनाई केली, कारण ती दिसायला बरोबर आणि बऱ्याचदा चूक असायची. पण लोकांना बोटच्या बोट मदत मिळू लागली होती. तिथे येणारे नवे प्रश्न झपाट्याने आटले. मे २०२४ मध्ये त्याच स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी भागीदारी जाहीर केली. काही सदस्यांनी रागाने आपली जुनी उत्तरं पुसायचा प्रयत्न केला.

मीही ही साधनं रोज वापरतो. आणि प्रामाणिकपणे सांगतो, ती खेकसत नाहीत. शंभराव्यांदा तोच प्रश्न विचारा, शांतपणे सांगतात. एकोणीस वर्षांच्या मला असं काही मिळालं असतं तर दोन वर्षं गप्प बसलो नसतो. हे कमी नाही.

पण एक हिशोब राहतो. २०११ मध्ये रँडल मनरो यांच्या एक्सकेसीडीमध्ये एक व्यंगचित्र आलं होतं. एकाला एरर येते, तो शोधतो, अख्ख्या इंटरनेटवर एकच माणूस सापडतो ज्याला नेमका हाच त्रास झाला होता. २००३ साली. आणि त्याखाली उत्तर नाही. हा बिचारा स्क्रीन हलवून विचारतोय, सांग ना, तुला काय सापडलं होतं? आपण सगळे तिथून गेलोय. आता आपण सगळेच तो २००३ चा माणूस होतोय. प्रश्न विचारतो चॅटमध्ये, उत्तर मिळतं चॅटमध्ये, आणि दोन्ही तिथेच मिटतात. पुढच्या माणसासाठी काही उरत नाही. उद्या नवीन लायब्ररी येईल, नवीन एरर येईल. ती आधी कोणीतरी माणूसच भोगणार आणि सोडवणार. त्याने ते चारचौघांत लिहिलं नाही, तर मशीन तरी शिकणार कशावरून?

एफएक्यू, हाऊ-टू, विकी, फोरम, हे सगळं उभं राहिलं ते नवख्यांच्या प्रश्नांवर. त्यांना वैताग मानणाऱ्यांचं घरही त्याच विटांनी बांधलेलं होतं.

आता त्या आमच्या पोराचं सांगतो आणि थांबतो. मी त्याला म्हटलं, रागावत नाही, पण दोन कामं कर. एक, हाच प्रश्न उद्या सकाळी सगळ्यांच्या चॅनेलवर विचार. दोन, उत्तर मिळालं की सेटअपचं पान तूच दुरुस्त कर. तो म्हणाला, ‘सर, मी? मला तर काहीच येत नाही.’ मी म्हटलं, म्हणूनच तू. काय येत नाही हे आम्ही विसरलोय.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. आणि आमच्या टीममधल्या सहा वर्षं अनुभव असलेल्या ताईने खाली लिहिलं, ‘बरं झालं विचारलंस, मलाही नवीन लॅपटॉपवर हेच येत होतं.’ तीही गप्प बसली होती, बोला!

पान आता त्याच्या हातचं आहे. गेल्या महिन्यात एक मुलगी जॉइन झाली. जेवायच्या सुट्टीच्या आत तिचा प्रोजेक्ट चालू झाला. संध्याकाळी तिने चॅनेलवर टाकलं, ‘पानावरची सातवी पायरी मला कळली नाही, बदलू का?’ सगळ्यांसमोर. ‘सिली’ हा शब्द त्यात नव्हता.

तर मंडळी, या आठवड्यात तुमची एखादी एरर सुटली, कोणाकडून का असेना, मशीनकडून का असेना, तर चार ओळी कुठेतरी लिहून ठेवा, दुसऱ्याला सापडतील अशा जागी. मराठीत लिहिलंत तर दुधात साखर. भेटू पुढच्या भागात. तोवर विचारत राहा!